हेडफोनची उजवी बाजू

लाखनीला बस स्टँडच्या पुढे, हायवेच्या कडेला, मोबाइलच्या सामानाचे एक छोटे दुकान आहे. त्या दुकानाबद्दल आमच्या भागात लोक म्हणतात, "त्याचा माल एका कानानंच वाजते." हे बोलणे मी सुरू केले आणि ते खोटे आहे. टपरीवर मी एकदा तसे सांगून पाहिले. लोक हसले आणि चहा प्यायले. त्या हसण्यात एक गोष्ट मागेच पडली, म्हणून आता सगळे पहिल्यापासून लिहीत आहे.

माझी सगळी नोकरी राइस मिलमध्ये गेली. जिल्ह्याचे दोन भाग झाले, गोंदिया वेगळा झाला, तेव्हाही मी त्याच मिलमध्ये, त्याच लोखंडी टेबलापाशी उभा होतो. टेबलाच्या उजव्या हाताला पॉलिशर चाले. त्यातून पडणारा तांदूळ तळहातावर घ्यायचा, कणी किती आली ते पाहायचे आणि ओरडून मशीनवाल्याला सांगायचे, हे माझे काम. मिलमध्ये कोणी हळू बोलत नसे. घरीही मी तसाच बोलायचो, आणि घरच्यांना वाटायचे की बाबांचा स्वभावच तापट आहे.

निवृत्त झाल्यावर घरात आवाजावरून कुरबुर सुरू झाली. संध्याकाळी बायकोला मालिका पाहायची असे आणि मला मोबाइलवर भीमगीते नाही तर जुन्या दंडारींची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यांची, रेकॉर्डिंग ऐकायची असत. मी आवाज वाढवला की ती टीव्हीचा वाढवी. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "काय जी, साऱ्या वस्तीले कायले ऐकवता? कानाले लावाचं ते घेऊन या ना एक."

बाजारातून कानात खुपसायचे स्वस्तातले घेतले. धानाची रोवणी सुरू झाली तेव्हा आणले होते, कापणीपर्यंतही टिकले नाहीत. दुसरे आणले, त्याचेही तेच झाले. मग जावयाने बिनवायरचे दिले. त्यातले एक पहिल्याच आठवड्यात धानाच्या बांधीच्या चिखलात पडले. राहिलेले एक चार्ज करायचे मला कधी लक्षात राहत नसे.

तेव्हा मी ठरवले की आता नीट पाहून घ्यायचे. मशीनचा पट्टा जिथे वाकतो तिथेच तुटतो, हे मिलमधल्या माणसाला सांगावे लागत नाही. माझे दोन्ही इयरफोन पिनेपाशीच गेले होते. म्हणून वायर जाड हवी, आणि पिनेजवळ तिच्यावर रबराची लांब टोपी हवी. डोक्यावरची पट्टी ताणली तर परत जागेवर यायला हवी. कानावरची गादी रेक्झिनची नको, आमच्या उन्हाळ्यात रेक्झिन सोलून निघते आणि कानाला काळे लागते. कापडी गादी बरी. माझ्या चष्म्याच्या काड्या दबल्या नाही पाहिजेत. आणि आवाज फार ढमढम नको, गाण्यातला शब्द समजला पाहिजे. किंमत पेन्शनरला झेपेल अशी. आजही मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन. यातले काही चुकीचे नव्हते.

हे सगळे घेऊन मी त्या दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीतला माणूस. त्याचे गाव वैनगंगेच्या काठचे, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेले. बाप, आजा नदीत जाळे टाकणारे. पुनर्वसनाच्या गावठाणात त्याचे मन लागले नाही, म्हणून सासरवाडीच्या आधाराने तो इकडे आला आणि मिळालेल्या पैशातून दुकान टाकले. मला तो काकाजी म्हणायचा. त्याने चार-पाच डबे उघडून माझ्यासमोर ठेवले. मी वायरी वाकवून पाहिल्या, पट्ट्या ताणून पाहिल्या. तो हसत म्हणाला, "काकाजी, हेडफोन घेता का बैल घेता?"

"दात पाहू दे बापू," मी म्हणालो. "फसवून राहिला तं परत आणीन."

"आणा ना जी. मी कुठं पळून राहिलो?"

एक पसंत केला. हायवेवर ट्रकांची रांग चालू होती. त्या गोंगाटात कानाला लावून पाहिला, वाजत होता, घेऊन आलो. घरी आल्यावर ओट्यावर बसून लावला तर गाणे फक्त डावीकडे. उजवी बाजू मेलेली.

दुसऱ्या दिवशी परत नेला. त्याने स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाला, "दोन्हीकडून वाजते जी." पण वाद घातला नाही. दुसरा दिला. तोही घरी येऊन तसाच निघाला. तिसऱ्या वेळी मी गेलो तो तापूनच. दुकानासमोर रस्त्यापलीकडच्या टपरीवरचे लोक उभे होते, त्यात आमच्या वस्तीतलेही होते. त्याने पुन्हा हेडफोन आपल्या कानाला लावला.

"काकाजी, वाजते. खरंच वाजते."

"तुह्या कानात वाजते, माह्या कानात नाई. म्हणजे माल खराब."

"उलटा लावून पाहता का जरासा?"

"उलटा? यावर डावं-उजवं लिहिलं आहे ते कायले लिहिलं? उलटा लावाले मी येडा आहो का?"

मिलमध्ये बटणावर लिहिलेले असते तसेच दाबायचे, एवढे मला शिकवलेले. उलटे केले तर माणसाचा हात जातो. ते डोक्यात इतके बसले होते की त्याचे म्हणणे मला उद्धटपणा वाटले. लोक ऐकत होते. त्यातला एक हसला. तो कोणाला हसला ते मला माहीत नाही, पण मला वाटले मला हसला. तेव्हा मी बोललो, "मासोळ्या धरणाऱ्याले वायरीतलं काय समजते? जाळं सोडून दुकान मांडलं, अन् सडका माल इकून राहिला."

त्याने हेडफोन कानावरून काढून डब्यात ठेवला. पैसे परत दिले, डब्याचे झाकण लावले.

मी ज्या वस्तीत वाढलो तिथे हे वाक्य काय असते ते लहान पोरालाही कळते. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली त्यानंतर आमच्या घरात शिव्यासुद्धा माफ होत्या, पण माणसाला त्याच्या बापाच्या कामावरून बोललेले वडील खपवून घेत नसत. त्यांनी स्वतः ते आयुष्यभर ऐकले होते. त्यांचा मुलगा ते भर रस्त्यात बोलून आला, आणि संध्याकाळी टपरीवर जाऊन त्याने ते पुन्हा एकदा तिखटमीठ लावून सांगितले. लोकांना मजा आली. दोन-तीन महिन्यांत ते सगळीकडे झाले. एका कानाचा माल. मासोळीवाल्याचा माल.

दुकान बंद पडले नाही, ते हायवेमुळे. ट्रकवाले थांबत, घेत, पुढे जात, त्यांना आमच्या गावगप्पा माहीत नव्हत्या. पण इथले गिऱ्हाईक तुटले. लोक रिचार्जला जात, काच लावायला जात. हेडफोन, चार्जर घ्यायचा असला की भंडाऱ्याला जात.

आता कानाचे सांगतो. मी नेहमी उजव्या कुशीवर झोपतो. त्या उन्हाळ्यात उजवा खांदा धरला होता, म्हणून दुपारी डाव्या कुशीवर पडलो. डोळे मिटले आणि एकदम सगळे बंद झाले. पंखा बंद, टीव्ही बंद, रस्ता बंद. मी ओरडून विचारले, "लाइन गेली का वं?" उत्तर नाही. डोळे उघडले तर वर पंखा फिरत होता. बायको समोर उभी राहून काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलत होते. मी उशीवरून डोके उचलले तशी ती ऐकू आली. "... आहे ना लाइन. काहून बोंबलून राहिले?"

मी पुन्हा डोके टेकवले, पुन्हा उचलले. बायको म्हणाली, "काय खेळ लावला?"

जावयाच्या घरचा एक हेडफोन आमच्याकडे पडून होता. तो काढला, नीट लावला. डावीकडे गाणे, उजवीकडे काही नाही. मग उलटा लावला. मेलेली बाजू डाव्या कानावर येऊन गायला लागली.

मी हेडफोन काढून ठेवला आणि कोणालाच सांगितले नाही, बायकोलाही नाही. मला बहिरेपणाची लाज वाटत होती असे म्हणता येईल, पण ते पूर्ण खरे नाही. मिलमधले निम्मे लोक बहिरे होतात, त्यात कसली लाज? कान खराब आहे म्हटले तर माल चांगला होता असे म्हणावे लागले असते, आणि माल चांगला होता म्हटले तर त्या माणसाला मी काय बोललो तिथे जावे लागले असते. म्हणून मी दुकानावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागलो. अशी दोन-अडीच वर्षे गेली.

मग एक दिवस टपरीवर बसलो होतो. आमच्याच वस्तीतली एक बाई मुलीला घेऊन त्या दुकानात उभी होती. मुलगी कॉलेजची, हेडफोन हातात घेऊन पाहत होती. आईने तिचा दंड धरला. "इथलं नको वं. मासोळीवाल्याचं आहे, एका कानानंच वाजते." तिने मोठ्यानेच म्हटले, आणि माझा डावा कान तिकडेच होता. माझे वाक्य, जसेच्या तसे, आमच्याच वस्तीतल्या तोंडातून. दुकानदाराने मुलीच्या हातून हेडफोन घेतला आणि डब्यात ठेवला, अगदी मी पैसे परत घेतले त्या दिवशी ठेवला होता तसा.

त्या दोघी गेल्यावर मी दुकानात गेलो आणि त्याला सांगितले की माझा उजवा कान गेलेला आहे, तुझे दोन्ही हेडफोन चांगले होते.

त्याने आश्चर्यही दाखवले नाही. "मले तवाच समजलं होतं जी. उलटा लावा म्हटलं तं तुम्ही भडकले. चार लोकात म्हाताऱ्या माणसाले बहिरा कसं म्हणू?"

"मंग आता काय करू बापू?"

"मले सांगून काय होते? मले तं माहीत आहे. जिथं बोलले तिथं सांगा."

मी त्याच्याकडून एक हेडफोन घेतला, माझ्या सगळ्या कसोट्या लावून, आणि तसाच टपरीवर गेलो. नेहमीचे पाच-सहा जण होते. मी म्हटले, "तो माल बरोबर आहे. माहा कान बाद आहे."

"तुम्ही कायले अंगावर घेता काकाजी?" टपरीवाला म्हणाला. "ते तं सारेच म्हणतात. पयल्यापासून म्हणतात."

मी बोललो होतो हे कोणाच्या लक्षातच नव्हते. मी मोबाइलवर गाणे लावले आणि हेडफोन एकेकाच्या डोक्यावर चढवू लागलो. "ऐका. डावा, उजवा, दोन्ही." वाजते, म्हणाले. शेवटी माझा मिलमधला सोबती होता. माझ्यानंतर माझ्या टेबलापाशी तोच उभा राहिला होता. त्याने कानावर हात दाबून बराच वेळ ऐकले.

"उजवा वाजत नाई बे."

सगळे एकदम हसले. "पाहा! म्हटलं होतं ना!"

मी हेडफोन त्याच्या डोक्यावरून काढला आणि उलटा करून चढवला. "आता?"

तो ऐकत राहिला. मग त्याने स्वतःच तो काढला, सुलटा लावला, परत उलटा लावला. तिसऱ्यांदा करताना त्याचा चेहरा बदलला.

"पॉलिशर," मी म्हणालो.

"उजव्या हातालेच होता," तो म्हणाला. मग आपण होऊनच हसला. "अन् मी बायकोले म्हणतो, तू हळू काहून बोलतं!"

टपरीवर मोठी हसाहस झाली. दोन बहिरे, एक मिल, एक हेडफोन. कोणीतरी रस्त्यापलीकडे हाक मारली, "भाऊ, तुह्या मालाचा निकाल लागला! हे दोघंच बाद निघाले!" सोबती उठला आणि तसाच हेडफोन घ्यायला दुकानात गेला. म्हणाला, एकच कान वाजणार असला तरी टिकाऊ पाहिजे.

मी मागाहून गेलो. मन हलके झाले होते. सोबती हेडफोन घेऊन बाहेर पडल्यावर मी दुकानदाराला विचारले, "झालं ना बापू?"

तो काउंटरवरच्या वायरी गुंडाळत होता. वर न पाहता म्हणाला, "मालाचं झालं काकाजी. माह्या बापाचं राहिलं."

मी तिथे उभा राहिलो. खरेच राहिले होते. कानाची गोष्ट सांगणे सोपे होते, त्यात हसू होते आणि मीही त्या हसण्यात सामील होतो. दुसरे वाक्य मी शिताफीने वगळले होते, आणि ते वगळले हे फक्त त्याच्याच लक्षात आले, कारण ते त्यालाच लागले होते.

दुसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन मी तेही सांगितले. मासोळ्या धरणाऱ्याले काय समजते, असे मी म्हटले होते. त्याचा बाप नदीत उतरून घर चालवणारा माणूस होता. माझा बाप दुसऱ्याच्या बांधीत वाकून चालवणारा. मी हे बोलायला नको होते, आणि ते खोटेही होते. या वेळी कोणी हसले नाही. एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना जी, लोक बोलतच राहतात." सोबत्याने कप खाली ठेवला, माझ्याकडे डावा कान केला आणि म्हणाला, "पुन्हा एकदा सांग."

मी पुन्हा सांगितले, मिलमध्ये सांगायचो तेवढ्या मोठ्याने. रस्त्यात त्या वेळी ट्रक नव्हता. पलीकडे ऐकू गेले असणार.