फॉरमॅट मारायचं न्हाय

आमच्या सोलापुरात कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध आहे, फॉरमॅट मारणे, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणे. हळू चालतोय, मारा. आवाज करतोय, मारा. दुकानदाराने माझ्या कॉम्प्युटरकडे धड पाहिलंही नाही आणि म्हणाला, "काकू, सी ड्राइव्ह गच्च भरलाय. डिस्क बी जुनी झालीय. फॉरमॅट मारावं लागतंय बघा."

मी म्हणाले, "मारायचं न्हाय."

मी टॉवेल-चादरींच्या किनारी काढते. कारखानदार माप सांगतो, मी स्क्रीनवर एकेक चौकट भरत फूल, वेल, मोर बसवते, आणि त्या फाइलवर त्याचे माग चालतात. ज्या प्रोग्रॅममध्ये काढते, तो विकणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला. प्रोग्रॅम एकदा पुसला की पुन्हा टाकताना कोड मागतो, आणि कोड द्यायला आता कुणी नाही. नव्या प्रोग्रॅमची किंमत ऐकून मी एकदा दुकानातून तशीच उठून आले होते. म्हणजे फॉरमॅट मारलं की माझं काम बंद, एवढा सरळ हिशेब होता.

नवरा तर दुकानदाराच्याही पुढे. "इकून टाक की ते डबडं. किती दिवस डोळे फोडून घेणार हायस?" आम्ही घरी तेलुगू बोलतो, पण भांडणं मराठीत होतात, का ते माहीत नाही. यांनी मागच्या वर्षी आमचे माग भंगारात काढले. टेम्पोत लोखंड चढत होतं तेव्हा मी आत भांडी घासत राहिले. तो राग अजून गेलेला नाही, आणि जायला हवा असंही मला वाटत नाही. विणकामाचं म्हणून घरात आता एवढं एकच यंत्र उरलं होतं.

बीम, म्हणजे मागावरचा उभ्या धाग्यांचा रूळ, संपला म्हणून कुणी माग मोडत नाही. जुन्या बीमच्या धाग्यांची टोकं मागाच्या फणीत ओवलेली तशीच ठेवतात आणि नव्या बीमचा एकेक धागा त्यांना सांधतात. सगळी मांडणी जागच्या जागी राहते. मग डिस्क भरली म्हणून सगळं पुसून टाकायचं, हे कुठलं शहाणपण? जुन्या डिस्कवरचं सगळं मोठ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवता येतं, हे मी मोबाइलवर व्हिडिओत पाहिलं होतं. मी मोठी डिस्क मागितली. दुकानदार म्हणाला, "घरी करणार? गॅरंटी न्हाय बघा, काकू."

"मागितली कुणी?" मी म्हणाले.

दुपारी जेवणं झाल्यावर कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतल्या पंख्यावर सुताची पिंज बसलेली. माग शेजारच्याच खोलीत होते ना. माग गेले, पिंज इथे शाबूत. मी ती पुसायला घेतली आणि तशीच राहू दिली.

दोन्ही डिस्क जोडल्या. व्हिडिओत दाखवलेला उतरवायचा प्रोग्रॅम विचारू लागला, कुठले कुठले भाग न्यायचे? एक मोठा सी. त्याच्या आधी एक चिमुकला तुकडा, ज्याला धड अक्षरही नव्हतं. आता माझी सवय विणकराच्या घरातली. नवा बीम चढला की गाठी पुढे सरकेपर्यंतचं हातभर कापड खराब निघतं, ते कापून टाकायचं असतं. सुरुवातीचा तुकडा म्हणजे टाकाऊ. मी त्याच्यापुढची निवडीची खूण बिनदिक्कत काढली आणि फक्त सी नेला.

मग जुनी डिस्क काढून नवी बसवली, बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. बंद करून पुन्हा लावलं. तीच रेघ.

दारातून यांनी विचारलं, "गेलं का?" आवाजात खोडसाळपणा नव्हता, म्हणूनच जास्त झोंबलं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा संताप आला.

"सगळं नेलंय," मी म्हणाले. "सुरवातीचा बारका तुकडा तेवढा सोडला."

"सोडला?" ते आत आले. "फणीतली टोकंच कापलीस की काय?"

चूक कळली होती, पण यांना कशाला सांगू? कॉम्प्युटरने सुरू कुठून व्हायचं, ते त्या बिननावाच्या तुकड्यातच लिहिलेलं होतं. जुनी डिस्क पुन्हा जोडली. ती घरघरली, अडखळली. ती चालू झाली. या वेळी तो तुकडा आधी घेतला, मग सी.

नवी डिस्क लागली. पडद्यावर माझं नेहमीचं चित्र आलं. किनारीचा प्रोग्रॅम उघडला, त्याने कोड मागितला नाही. मी मुद्दाम आमच्या मागांवर शेवटी चाललेल्या टॉवेलची फाइल उघडली. हे मागे उभे होते.

"नव्या डिस्कवर एवढी रिकामी जागा दावतंय. काय करायची?" ते म्हणाले.

"भरायची. माग तुमी इकले. मी न्हाय."

माग गेल्यापासून यांनी माझ्या स्क्रीनकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता स्टूल ओढून शेजारी बसले आणि टॉवेलच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे फूल तवाबी लई बारीक वाटत हुतं. मोठं कर."

मी ते तेवढंच ठेवलं.