मेजरचा वाटा

गुणाजी घाडीला आमच्या गिरणीत कुणी गुणाजी म्हणत नव्हतं. 'कुत्रेवाला' म्हणत. मीही तेच म्हणायचो आणि त्याला माझ्या पदरचा एक शब्द जोडायचो, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

लालबागच्या त्या गिरणीत मी साचेवाला होतो, म्हणजे मागावर कापड विणायचो. गिरणीचं नाव लिहीत नाही. ज्याला शोधायचं तो शोधील. फाटकावर दोन पठाण असत आणि त्यांच्यामागं साखळी धरून गुणाजी. साखळीच्या दुसऱ्या टोकाला मेजर. काळ्या पाठीचा, उभ्या कानांचा, लांडग्याएवढा विलायती कुत्रा. मॅनेजर डंकन साहेबानं तो पिल्लू असताना आणला. सांभाळायला माणूस हवा म्हणून विचारलं, तेव्हा हमालीवरचा गुणाजी पुढं झाला. "गावाक माझ्या बापाशीकडे शिकारीचे चार कुत्रे होते," एवढंच तो बोलला, आणि तेवढ्यावर त्याची नेमणूक झाली.

साहेब स्कॉटलंडचा. आपण मेंढपाळाच्या घरचे आहोत, हे तो अभिमानानं सांगायचा. कुत्र्याबद्दलचे त्याचे नियम पक्के होते. खाणं एकाच हातून, एकाच थाळीत, ठरल्या वेळेला. परक्या हातचा तुकडा ज्यानं खाल्ला तो कुत्रा पहाऱ्यातून बाद. लाड नाहीत, खेळ नाहीत. काम करणारा कुत्रा म्हणजे काय, हे आमच्या जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, समजावताना साहेबाचा आवाज मऊ व्हायचा. आम्हाला मात्र तो 'हँड' म्हणायचा. म्हणजे नुसते हात. मेजर निदान अख्खा कुत्रा होता.

आता आमच्या लोकांची रीत सांगतो, आणि त्यात आम्हाला संत ठरवायचा माझा इरादा नाही. आमच्याकडं कुत्रा उंबऱ्याच्या आत येत नाही. आला तर लाथ बसते. पण त्याच्या देखत त्याला न घालता जेवायचं म्हटलं तर घास उतरत नाही. त्यात गुरुवार दत्ताचा वार, कुत्री दत्ताच्या पायाशी बसलेली. त्यामुळं दर गुरुवारी पाळी सुटली की वाइंडिंगमधल्या, सूत गुंडाळणाऱ्या बाया फाटकाच्या गजांतून भाकरीचा चतकोर आत टाकायच्या. पहिली टाकायची ती शेवंती, गुणाजीचीच बायको. मग बाकीच्यांचं सुरू झालं. गुणाजी तोंड फिरवून विडी ओढायचा. बघितलं नाही म्हणजे नियम मोडला नाही, असं त्याचं चाललं होतं. असं तीन वर्षं चाललं.

आमच्या चाळीतला भिवा खलाशी संध्याकाळी फाटकासमोरच्या दगडावर येऊन बसायचा. जन्म बोटीवर गेलेला. कुठल्याही गोष्टीवर त्याच्याकडं एक बंदर असायचंच. एकदा तो म्हणाला, "अँटवर्पला मी बघितलंय, कुत्रा दुधाची गाडी ओढतो. खोगीर, पट्टा, सगळं. आणि रविवारी त्याला सुट्टी."

"मग आमच्यापेक्षा बरा," मी म्हटलं.

"आणि वर बर्फाच्या मुलखात दहा-दहा कुत्रे एका गाडीला. एखादा लंगडा झाला की तोडून बाकीच्यांना घालतात, असं आमचा बोसन, खलाशांचा मुकादम, सांगायचा."

"ही आपली गिरणीच की," मी म्हटलं. सगळे हसले.

गुणाजी हसला नाही. मेजरच्या कानातली गोचीड काढत म्हणाला, "आमच्या गावाक डुकर पडलो की वाटे घालतत. बंदुकवाल्याचो वाटो, हाकाऱ्यांचो, देवाचो, आणि कुत्र्याचो. कुत्रो त्या शिकारीत मेलो तरी तेचो वाटो पडता. तेच्या धन्याक देतत."

"मेलेल्या कुत्र्याचा वाटा धनी खातो? मजा आहे धन्याची," मी म्हटलं.

"खाणा नाय. जमनीत पुरता."

मी त्यावर काहीतरी वेडंवाकडं बोललो. काय बोललो ते आठवत नाही. मी तेव्हा पुष्कळ बोलायचो.

मग पंचावन्न सालचा नोव्हेंबर आला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा घाट घातला होता आणि सोमवारी एकवीस तारखेला लाक्षणिक संप होता. पहाटेच आम्ही फाटकासमोर बसकण मारली. बदली कामगार आत घेऊन साचे फिरवायचे, असं साहेबानं ठरवल्याची कुणकुण होती. रस्त्यावर पुढच्या ओळीत वाइंडिंगच्या बाया, त्यांत शेवंती. गजांच्या पलीकडं तिचा नवरा, हातात साखळी. मी त्याच्याकडं बोट करून ओरडलो, "दोघांतला मालकाचा कुत्रा कुठला, ते एकदा सांग रे कुत्रेवाल्या." लोकांनी टाळ्या दिल्या. शेवंतीनं खाली बघितलं.

साहेब वरच्या गॅलरीत आला. त्यानं एकदा रस्ता बघितला आणि म्हणाला, "गुनाजी. छोड दो."

पठाणानं फाटकातली दिंडी उघडली. गुणाजीनं साखळीची कडी काढली. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. त्यानं काढली. बाया उठल्या नाहीत, पण पदर तोंडाशी गेले. मेजर बाहेर आला. आला तो सरळ शेवंतीपाशी. तिचा पदर हुंगला, शेजारणीचा डबा हुंगला, मग तिच्यापुढं बसून पुढचा एक पंजा वर केला. गुरुवार नव्हता, पण कुत्र्याला वार कुठून कळणार? भाकरी तर सगळीकडं होती.

त्या हशानं फाटक हाललं असेल. आणि तिथं मला सुचलं. आमच्याकडं काळी निशाणं होती, मोर्च्याच्या पुढाऱ्यासाठी आणलेला झेंडूचा हार होता. मी तो हार मेजरच्या गळ्यात घातला, पट्ट्याला काळी फीत बांधली आणि वर साहेबाकडं बघून आवाज दिला, "साहेबाचा मेजर संयुक्त महाराष्ट्रात सामील." शंभर तोंडांनी ते उचललं. जन्मात माझ्या कुठल्या भाषणाला तेवढी दाद मिळाली नव्हती.

गुणाजी दिंडीतून बाहेर धावला. "गंगाधर, हार काढ. साहेब बघता हा. कुत्रो सुटलो, चुकलो, परत इलो, असा सांगतंय मी. हार घालून मिरवलंस तर माका काय सांगूक येवचा नाय."

"तुला तुझ्या नोकरीची पडलीय. इथं मुंबई चाललीय हातातनं."

"माझी नाय रे. तेची."

मी ऐकलं, पण थांबलो नाही. मेजरला पट्ट्याला धरून लालबागच्या नाक्यापर्यंत मोर्च्याच्या तोंडाशी चालवला. गुणाजी बाजूनं, हातात रिकामी साखळी घेऊन, चालत होता. नाक्यावर मी कुत्रा त्याच्या हवाली केला. "घे, तुझा पुढारी," असं म्हटलं. त्यानं हार काढून खिशात कोंबला आणि उलटा फिरला. आम्ही फ्लोरा फाउंटनकडं गेलो. तिथं त्या दिवशी गोळ्या कशा सुटल्या ते मी इथं सांगत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन दिवसांनी गिरणी सुरू झाली. त्याच दुपारी मेजर गेला. मी शंभर पावलांवर साच्यावर उभा होतो. त्या खडखडाटात साहेबाच्या बंदुकीचा बार मला ऐकूही आला नाही. पाळी सुटल्यावर शेवंती नळाशी भेटली तेव्हा कळलं.

ती म्हणाली, "साहेब म्हणालो, आमच्या देशात कामाक चुकलेलो कुत्रो ठेवत नाय. तेका उगाच जगवणा म्हणजे तेचो अपमान. ह्येनी पाय धरल्यानी. गावाक नेतंय, म्हणाले, माझ्या खळ्यात पडून रवात, तुमचा नाव काढूचंय नाय. साहेब म्हणालो, नुसतो चुकलो असतो तर विचार केलो असतो. हार घालून अख्ख्या लालबागान बघितल्यान. आता तो पहाऱ्याक उभो रवलो तर लोक हसतले."

मी नळाखाली हात धुवायला लागलो.

"साखळी कोणी धरल्यान, इचार ना, भावजी."

मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. पठाण धरणार होता. मेजर त्याच्यावर गुरगुरायला लागला, भ्यायला. मग गुणाजी पुढं गेला. खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं, शेवंतीच्या डब्यातली भाकरी त्याला भरवली आणि दुसऱ्या हातानं त्याचे डोळे झाकले.

आणि साहेब रडला, खरोखर रडला. रुमाल काढून. बॉयलरमागच्या बदामाच्या झाडाखाली त्यानं मेजरला पुरलं, वर पितळी पाटी लावली: नाव, साल, आणि इंग्रजीत 'इमानदार' अशा अर्थाचा काहीतरी शब्द. ज्या आठवड्यात आमची माणसं रस्त्यात पडली त्याच आठवड्यात. त्यांच्यातल्या कितीकांची नावंही तोवर नीट कळली नव्हती. मी ती पाटी उखडायला निघालो होतो, लोकांनी धरून ठेवलं. आज वाटतं, ती उखडून मला काय झाकायचं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

साहेबाला गुणाजीचा राग नव्हता. त्यानं नवं पिल्लू मागवलं आणि म्हणाला, या वेळी नीट वाढव. गुणाजीनं नाही म्हटलं. नोकरी गेली, नोकरीबरोबर आवारातली खोली गेली. मी त्याला म्हटलं, तुझं प्रकरण युनियनमध्ये मांडतो. मांडलंही. कमिटीतला एक शहाणा म्हणाला, "पहाऱ्याची माणसं आपली सभासद नाहीत. आणि आत्ता कुत्र्याचं काय घेऊन बसलास? मुंबईचं बोल." मीच फाटकासमोर बोललो होतो तेच वाक्य, फक्त सभ्य करून. मी टेबलावर मूठ आपटली, दोन शिव्या दिल्या आणि बाहेर आलो. गुणाजीला काही मिळालं नाही. माझ्या रागानं आजवर कुणाला काही मिळालेलं नाही.

साठ सालच्या एक मेला सकाळी मी पेढ्यांचा पुडा घेऊन चिंचपोकळीला गेलो. तिथं एका लेथच्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर गुणाजी आणि शेवंती राहत. तो खाली लोखंड उचलायचा. केस पांढरे झाले होते. मी पुडा पुढं केला.

"झाला रे राज्य," तो म्हणाला. "वाटलंस सगळ्यांका?"

"सगळ्यांना. पहिला तुला आणणार होतो, वाटेत लोक भेटत गेले."

"मेजरचो ठेवलंस?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. डोकं फिरलं. "माणसं मेली त्याच्यासाठी, गुणाजी. माणसं. तू कुत्रा घेऊन बसलायस अजून."

"माणसांचो वाटो तुमी घालतलास. भाषणां आसत, हार आसत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तेचो कोण घालतलो? माझो नको. तेचो घाल, मगे मी खातंय."

शेवंतीनं चहा पुढं सरकवला. मी तो घेतला नाही. पुडा उचलला आणि जिना उतरलो.

पाय जुन्या गिरणीकडं वळले; तिथलं काम मी मागंच सोडलं होतं. रविवार होता, फाटक बंद. डंकन साहेब केव्हाच विलायतेला गेला होता. आता मॅनेजरच्या खुर्चीवर आपलाच माणूस, गिरगावातला, चार बुकं जास्त शिकलेला. फाटकावर धोंडू म्हणून रत्नागिरीकडचा एक नवा पहारेकरी. त्याच्या हातात साखळी, आणि साखळीला ते पिल्लू, आता पुरतं वाढलेलं.

"बॉयलरमागं जायचंय," मी म्हटलं. "बदामाच्या झाडाखाली. एक पाटी आहे तिथं."

"झाड गेलं, दादा. गोदाम झालं तिथं. पाटी भंगारात गेली असेल." त्यानं माझ्या छातीवरचा संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला बघितला. "आणि आत सोडायचं तर साहेबांची चिठ्ठी लागते."

"आपल्या साहेबांची?"

"आपल्याच."

मी पुडा सोडला, एक पेढा काढला आणि गजांतून कुत्र्यापुढं धरला. त्यानं पेढा हुंगलासुद्धा नाही. मान वर करून धोंडूच्या हाताकडं बघितलं.

"नाही घ्यायचा तो," धोंडू म्हणाला. अभिमानानं म्हणाला. "माझ्या हातचं सोडून कुणाचं खात नाही. बायाबापड्या यायच्या गुरुवारी तुकडे घेऊन. नव्या साहेबांनी पाटी लावून बंद केलंय."

पाटी फाटकाशेजारीच होती. मराठीत होती. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.