लाल ठिपक्यांचे सरडे

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण माझा हा गाढवपणा आधी पूर्ण ऐका. मध्येच 'अरे, मग खरं सांगून टाकायचं ना!' असं म्हणायचं नाही. तिथं तुम्ही नव्हता. तिथं दांडकी घेतलेली अकरा म्हातारी माणसं होती आणि मी होतो.

इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मी अमरावतीत घरी बसलो होतो. तेवढ्यात पुण्याहून एक मॅडम आल्या. शहरात राहून सरड्यांच्या तब्येतीचं काय होतं, हे त्या तपासत होत्या आणि त्यांना सरडे पकडणारा माणूस हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लायकीचं काम निघालं!

लांब काडीला दोऱ्याचा फास लावायचा आणि सरड्याच्या गळ्यात अलगद सरकवायचा. वजन, शेपटी, अंगावरच्या गोचिडी, सगळं वहीत लिहायचं. तोच सरडा दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये म्हणून पाठीवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचा. हे सगळं भर दुपारी, कॉलनी झोपलेली असताना; सरडे पकडतो हे घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

चांदूर रेल्वेकडच्या शेतातले सरडे म्हणजे एकेक पैलवान. आणि आमच्या कॉलनीतले? बरगड्या मोजून घ्या! कानामागं गोचिडी, निम्म्यांच्या शेपट्या मांजरांनी तोडलेल्या. खातील काय बिचारे? पानं गाडीवर पडतात म्हणून आमच्या काकामंडळींनी कडुनिंब तोडले, अंगणात फरश्या ठोकल्या, वरून रोजची फवारणी. किडा उरेल तर सरडा जगेल ना! पण बोलायची सोय नाही. ज्याच्या नावापुढं 'काका' लागलं, तो शहाणाच असतो आपल्याकडं.

तर एक दिवस पांढरी बाटली संपली. दुकान लांब, ऊन आमच्याकडचं. मी आईची बाटली उचलली. लाल.

तिसऱ्या दिवशी सकाळी वानखडे काकांची किंकाळी ऐकू आली. "बाप्पा! सरड्याले कुंकू लावलं हाये कोनंतरी!"

आधी मला हसू आलं. संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर सभा भरली तेव्हा ते जागच्या जागी वाळलं.

"करनी हाये ही," वानखडे काका म्हणाले. "परवापासून माहा गुडघा ठणकून राहिला."

"काका, तुमचा गुडघा त दहा वर्षांपासून दुखते."

"पण असा नोयता दुखत!"

मग काय! कोणाची बोअर आटली, कोणाची सोयरीक मोडली, सगळं माझ्या नेलपॉलिशवर. "आपल्यातलाच हाये कोनी," वानखडे काका दांडकं आपटत म्हणाले. "सापडला का तंगडं मोडून हातात देतो."

"पयले माह्या ताब्यात द्या त्याले," असं जोरात कोण म्हणालं? माझे सख्खे बाबा!

मी हळूच मागं सरकायला लागलो, तर वानखडे काकांनी हटकलं.

"तू काहून घामाघूम झाला बे?"

"ग... गर्मी हाये काका."

"याले काई कामधंदा नाई," बाबा म्हणाले. "यालेच पहाऱ्यावर ठेवा."

म्हणजे मला पकडायला मीच!

दोन दिवस दाराची कडी वाजली की मी पलंगाखाली. शेवटी ठरवलं, ठिपके पुसून टाकायचे. आईचं रिमूव्हर घेतलं, कापूस घेतला आणि दुपारच्या सामसुमीत एकेक सरडा धरून पुसत सुटलो. लाल संपले. मग डोक्यात आलं, पांढरा ठिपका दिसला तर भस्म म्हणतील! तेही पुसले. मॅडमचं महिन्याभराचं काम त्या ठिपक्यांवर उभं होतं, हे मला माहीत होतं हो. पण भीती एकदा मानगुटीवर बसली की असलं काही आठवू देत नाही.

नजरेतून सुटलेला शेवटचा लाल ठिपक्याचा सरडा वानखडे काकांच्या घरामागं सापडला. मुठीत धरून मी पुटपुटत होतो, "हलू नको रे बाप्पा, शांत राय, झालं, झालं." मान वर केली तर समोर काका. हातात दांडकं.

डोळे मिटून घेतले आणि पहिला फटका कुठं बसतो याची वाट पाहिली.

"अबे..." काकांचा आवाज कापत होता. "मंतर मारून कुंकू पुसून राहिला! पोट्ट्यानं करनी काढली रे!"

अर्ध्या तासात अंगण भरलं. माझ्या हातात नारळ आला, गळ्यात झेंडूचा हार. बाबा लांबून हात जोडून उभे. खरं सांगायची हीच वेळ होती, कळतंय मला! पण दांडकं अजून काकांच्या काखेतच होतं. त्यांनी पायजमा वर सरकवून गुडघा पुढं केला. "फुक मार याच्यावर."

मी मारली.

तेवढ्यात मॅडमची स्कूटी आली. त्यांनी हार पाहिला, नारळ पाहिला, पायाशी पडलेला रंगलेला कापूस पाहिला, मग माझ्या मुठीतून सुटून कुंपणावर बसलेल्या त्या सरड्याची कोरी पाठ पाहिली.

"ठिपका कुठंय?"

"पुसला."

"किती पुसलेस?"

"सगळे."

"पांढरेसुद्धा?"

मी मान खाली घातली. मॅडमचा चेहरा पडला. मग सगळ्यांकडं वळून सरळ म्हणाल्या, "करणी वगैरे काही नाही हो. आम्ही सरडे मोजत होतो. ते नेलपॉलिश होतं, आणि ते यानंच लावलं होतं."

वानखडे काकांनी गुडघा एकदा वाकवून पाहिला, एकदा सरळ केला.

"काईही सांगता मॅडम! मंग माहा गुडघा दुखाचा कसा थांबला?" आणि दांडकं टेकवत माझ्याकडं वळले. "काहून रे, बाई खरं सांगून राहिली का?"

मॅडम माझ्याकडं पाहत होत्या. "सांग ना त्यांना."

मी मॅडमकडं पाहिलं. दांडक्याकडं पाहिलं. खाली वाकलो आणि काकांच्या दुसऱ्या गुडघ्यावर फुंकर मारली.