घरपट्टीतला झोका
ऑइलपेंटचा वास आला की मला आमच्या नातेपुत्यातली बाग आठवते. गावानं वाढीव घरपट्टी सोसून ती केली होती. पहिल्याच संध्याकाळी मुलीला खेळवायच्या निमित्तानं नव्या झोक्यावर मीच बसलो. शेजारच्या मेंढरंवाल्या मावशी जवळ आल्या. "दादा, मला बी बसू दे की जरा. लई हौस हाय. पट्टी म्या बी भरलीया." मी वरूनच म्हणालो, "मावशी, हा लहान मुलांचा आहे!" आणि माझ्या वजनानं साखळी तुटली. मावशींनीच मला उठवलं, "लागलं का रं लेकरा?" पुढच्या पट्टीतून नवा झोका आला, सोबत पाटीही: 'मोठ्यांनी बसू नये.' मावशी त्यावर कधीच बसल्या नाहीत. आज बागेत कुणीतरी ती पाटी ऑइलपेंटनं नव्यानं रंगवत होतं. मी लांबच्या रस्त्यानं घरी आलो.