वायरमावशीचं मेंदूचं शिबिर

माझी थोरली जाऊ इस्पितळात लोकांच्या डोक्याला तारा चिकटवते. मेंदूत सतत बारीक वीज खेळत असते, तिचा आलेख काढायचा, हे तिचं काम. टेपने डोकं मोजायचं, रंगीत पेन्सिलीने खुणा करायच्या, खुणेखुणेवर चिकट मलम लावून चकत्या बसवायच्या आणि पेशंटला म्हणायचं, "आता स्वस्थ पडा, काही करू नका. तेच सगळ्यांत अवघड असतं." मोठी माणसं तिला ताई म्हणतात. लहान मुलं वायरमावशी म्हणतात.

त्याआधी ती केस कापायची. स्वतःची खुर्ची, स्वतःची गिऱ्हाइकं, छान चाललं होतं. एक दिवस एक बाई डोकं धरूनच आली. केसांत जागोजागी पांढरे गोळे सुकून दगड झालेले. जाऊबाईंनी ते कोमट पाण्याने, तेलाने, शेवटी नखांनी सोडवले आणि विचारलं, "हा उद्योग कुणाचा?" इस्पितळातला, असं कळल्यावर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ही तावातावाने तिथे हजर.

आलेख काढणारे काका निवृत्तीला टेकलेले, शांत गृहस्थ. हिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मग दाखवा की कसं लावायचं ते."

हिने दाखवलं. भांग पाडून, थोडं मलम, बोटाने दाबून. मग पडद्यावरच्या रेघा दिसल्या. काका पेशंटला म्हणाले, "डोळे मिटा," आणि इतका वेळ वेड्यावाकड्या धावणाऱ्या रेघा एकदम एका लयीत हलू लागल्या. "डोळे उघडा." लय गेली. जाऊबाई म्हणतात, "तिथेच मी कामातून गेले." पस्तिशी ओलांडल्यावर त्यांनी ते शिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि काकांच्याच खोलीत नोकरीला लागल्या. आमच्या सासूबाईंनी जाहीर केलं, "आधी केस कापून पैसे घ्यायची, आता केसांत डिंक घालून घेते."

शिबिराची कल्पना तिथेच सुचली. तपासणीला येणारी बारा-तेरा वर्षांची पोरं घाबरून एकच विचारायची, "मी मनात काय म्हणतो ते तुम्हाला दिसणार का?" जाऊबाई सांगायच्या, "अरे, मला माझ्या नवऱ्याच्या मनातलं वीस वर्षांत दिसलं नाही, तुझं काय दिसणार?" पोरं हसायची, आणि मग प्रश्नांची रांग लागायची. एवढे प्रश्न खिशात घेऊन मुलं घरी जातात, हे काही त्यांना पटेना. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना गाठलं, तळमजल्यावरचा धोबीखान्याशेजारचा हॉल मागून घेतला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंदूचं शिबिर सुरू केलं. फळ्यावर लिहून द्यायचं नाही, सगळं हाताने करायचं, ही त्यांची एकमेव अट.

मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून पोहण्याच्या टोप्यांवर मेंदूचे भाग रंगवायचं काम माझ्याकडे आलं. भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, सरबत आणि बिस्किटं बघायचे. मुलं डब्यात अंडं ठेवून डबा हलवायची, मग त्यात पाणी भरून हलवायची, आणि मेंदू पाण्यात का तरंगतो ते न सांगता कळायचं. नजर एका बाजूला सरकवणारे चष्मे घालून बादलीत चेंडू टाकायची. आधी सगळे चेंडू भिंतीवर, मग हळूहळू बादलीत. चष्मा काढला की पुन्हा भिंतीवर, पण दुसऱ्या बाजूच्या! दंडाला चकत्या लावून मूठ आवळली की स्पीकरमधून खरखर यायची. आपलाच स्नायू बोलतोय म्हटल्यावर पोरं तास तास मुठी आवळत बसायची.

शिबिरात प्रत्येकाला मेंदूच्या एकेका भागाचं नाव मिळायचं. मी सांगते आहे त्या वर्षी आठवणी जपणाऱ्या भागाचं, हिप्पोकॅम्पसचं, नाव एका काडीसारख्या मुलाला मिळालं, आणि तो अर्थातच हिप्पो झाला. थॅलमस हे नाव एका उंच, गप्प मुलीला मिळालं. सगळ्या बातम्या आधी थॅलमसकडे येतात आणि मग पुढे जातात, असं कळल्यावर ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी पोस्टमन." तेव्हापासून ती थोडी बोलू लागली.

नाव नोंदवताना जाऊबाई प्रत्येक पालकाला मुलाच्या तब्येतीचं विचारतात. थॅलमसचे वडील म्हणाले होते, "एकदम ठणठणीत आहे."

मेंढीचा मेंदू हातात घेण्याचा दिवस होता. खाटकाकडून आणलेले मेंदू ट्रेमध्ये मांडलेले, मुलांच्या हातांत मोजे, अंगात माझ्या शाळेतून आणलेले चित्रकलेचे ॲप्रन. हिप्पो नाक दाबून उभा होता. थॅलमस मात्र दोन्ही अर्धगोलांमधली फट बोटाने अलगद उघडून बघत होती. बघता बघता तिचा हात थांबला. नजर कुठेतरी भलतीकडेच लागली. ती एकदा ओरडली आणि जमिनीवर कोसळली. सगळं अंग ताठ झालं, मग हातपाय झटके देऊ लागले.

मुलं किंचाळली. एक ट्रे उलटला. जाऊबाई मात्र जणू ह्याचीच वाट बघत असल्यासारख्या दोन ढांगांत तिच्यापाशी होत्या. ॲप्रनची घडी डोक्याखाली सरकवली, टेबल ढकललं, गळ्याशी बांधलेला नाडा सोडला.

"हिप्पो, घड्याळ बघ आणि मोठ्याने वेळ सांगत राहा. बाकीचे भिंतीशी खाली बसा. तिला फिट आलीय. दिसतं भयंकर, पण थांबते. तिला कोणी धरायचं नाही."

तेवढ्यात भावजी सरबताचा मोठा चमचा घेऊन धावत आले. दातखीळ बसू नये म्हणून तोंडात घालायला.

"अहो, तो चमचा सरबतातच राहू दे!" जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या. "तोंडात काहीही घालायचं नाही. वर जाऊन डॉक्टरांना बोलवा."

भावजी चमच्यासकट वर पळाले. हिप्पो कापऱ्या आवाजात अर्धं मिनिट, एक मिनिट असं ओरडत होता. झटके विरळ झाले, थांबले. जाऊबाईंनी तिला अलगद कुशीवर वळवलं, तिचे कपडे ओले झालेले कुणाला दिसायच्या आत स्वतःचा पांढरा कोट तिच्यावर पांघरला आणि मला खूण केली. मी मुलांना बाहेर नेलं.

डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. आधी तिला आपण कुठे आहोत तेच कळेना. कळलं तेव्हा ती म्हणाली, "सगळ्यांनी पाहिलं?"

"पाहिलं," जाऊबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

"बाबा आता मला पाठवणार नाहीत."

वडील आले ते रागातच. "तुमच्या त्या वायरींमुळेच झालं हे!"

"तिला आज एकही वायर लावलेली नाही," जाऊबाई म्हणाल्या. "गोळ्या चालू आहेत ना तिच्या?"

वडील खुर्चीवर बसले आणि सगळंच बोलले. शाळेत कळल्यापासून तिच्या शेजारी कोणी बसत नव्हतं. तिची आई तर हाय खाऊन बसली होती. इथे ओळखीचं कोणी नाही, चार दिवस पोरगी नॉर्मल मुलांसारखी राहील, म्हणून त्यांनी लपवलं होतं. "आता इथेही तेच होणार. उद्यापासून नको."

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. फिट आल्यावर काय करायचं ते इथे कुणाला माहीत नसतं तर तिला इजा झाली असती," जाऊबाई स्पष्टच म्हणाल्या. "पण उद्याचं तिला ठरवू द्या. मुलांनी जे पाहिलं ते आता पुसता येणार नाही. त्याचा अर्थ काय, ते त्यांना कोणीतरी सांगणारच आहे. मी सांगितलेलं बरं, की शेजारच्या कुणी?"

त्या संध्याकाळी आमच्या घरचा फोन थंड झाला नाही. हे लागण होणारं असतं का? मेंढीच्या मेंदूने झालं का? आमच्या मुलालाही होईल का? जाऊबाई भाजी चिरत, फोन खांद्याशी धरून प्रत्येकाला तेच सांगत होत्या, "नाही. नाही. नाही. उद्या पाठवा, आणि जमलं तर तुम्हीही या." एका बाईंनी मुलाचं नाव काढूनच घेतलं. फोन ठेवल्यावर जाऊबाई क्षणभर सुरी हातात धरून थांबल्या. "त्या पोराच्या डोक्यात आता जे बसेल ना, ते काढायला मला कधी मिळणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा चिरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं जमली तरी थॅलमसचा पत्ता नव्हता. जाऊबाईंनी वाट पाहिली नाही. "विचारा," म्हणाल्या. मुलांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग प्रश्न सुटले. वीज आहे तर शॉक का बसत नाही? ती मरणार होती का? जाऊबाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, ज्याला जशा हव्या तशा. हॉलभर कलकलाट झाला. मग सगळ्यांनी एका तालात वाजवायच्या. भिंती हादरल्या. "मेंदूतल्या पेशी एरवी आपापल्या कामाच्या टाळ्या वाजवत असतात. फिट येते तेव्हा खूपशा पेशी एकदम, जोरजोरात वाजवायला लागतात. कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. दमल्या की थांबतात."

ह्या टाळ्या चालू असतानाच दारात थॅलमस आणि तिचे वडील येऊन उभे राहिले होते. ते कधी आले ते कुणी पाहिलं नाही. हिप्पो म्हणाला, "ए पोस्टमन, दुखतं का गं?"

तिने वडिलांकडे पाहिलं, मग ती आत आली. "तेव्हा कळतच नाही. नंतर अंग दुखतं. जीभ चावली जाते कधी कधी. पण सगळे माझ्याकडे बघत असतात ना, ते जास्त वाईट."

"मी घड्याळाकडे बघत होतो," हिप्पो म्हणाला, आणि ती हसली.

मग ती जाऊबाईंना म्हणाली, "माझ्या डोक्याला तारा लावा आणि भिंतीवर दाखवा सगळ्यांना."

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. "तुझा आलेख तुझा आणि तुझ्या डॉक्टरांचा. तो भिंतीवर लावायचा नसतो. पण माझं डोकं आहे की, चल, लाव."

आलेखाचं यंत्र प्रोजेक्टरला जोडून त्या खुर्चीत बसल्या. थॅलमसने इतक्या वेळा हे स्वतःच्या डोक्यावर अनुभवलं होतं की तिची बोटं अडखळली नाहीत. भांग पाडून, थोडं मलम, दाबून. "मावशी, डोळे मिटा," ती म्हणाली, आणि भिंतीवर रेघा लयीत हलू लागल्या. मुलांनी जो ओरडा केला त्याने धोबीखान्यातले लोक बघायला आले.

शेवटी कुशीवर वळवायचं कसं ते शिकायचं होतं. जाऊबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या वडिलांना हाक मारली. "या, झोपा इथे. आम्हाला एक जड माणूस हवाय."

तो धिप्पाड माणूस इस्त्रीच्या शर्टात जमिनीवर आडवा झाला. मुलांनी त्याला वळवायचा प्रयत्न केला, तो हलेना. मग त्याच्या मुलीने त्याचा गुडघा दुमडला, हात गालाखाली घेतला, आणि तो एका झटक्यात वळला. तो तसाच, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. उठला तेव्हा डोळे पुसत होता. "मी इतकी वर्षं तिला घट्ट दाबून धरायचो," तो जाऊबाईंना म्हणाला. "दोन्ही हातांनी, जीव खाऊन. मला वाटायचं, मी सोडलं तर ती जाईल."

"आता सोडा," जाऊबाई म्हणाल्या. "आणि घड्याळ बघा."

थॅलमसने शिबिर पुरं केलं. तिच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या. फिट कमी झाल्या, गेल्या मात्र नाहीत. शाळेत तिने स्वतःच वर्गासमोर उभं राहून सांगितलं. शेजारी बसायला लगेच गर्दी झाली असं नाही, पण एक मुलगी येऊन बसली, आणि एक पुष्कळ होती. जाऊबाईंना मनातून वाटत होतं, ही पुढे मेंदूचंच काहीतरी शिकणार. एकदा त्यांनी बोलूनही दाखवलं.

"छे हो मावशी," ती म्हणाली. "मेंदूचं मला पुरे झालंय. मला फर्निचर बनवायचंय."

जाऊबाई आधी हिरमुसल्या, मग इतक्या हसल्या की भावजी आतून बघायला आले. थॅलमस आता मोठी झाली, दुसऱ्या शहरात सुतारकाम आणि डिझाइन शिकते, वसतिगृहात राहते. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. जाऊबाईंनी तो स्पीकरवर टाकला, म्हणून मलाही ऐकू आला. खोलीतल्या तिघींना तिने सगळं सांगून टाकलं होतं आणि एकीला जमिनीवर झोपवून वळवायलाही शिकवलं होतं.

"घाबरल्या का गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"एक जण घाबरली. दुसरी म्हणाली, बरं, आणि खिडकीजवळचा पलंग कुणाला हवाय?"

"मग? कुणाला मिळाला?"

"मला," ती म्हणाली.