राखाडी राजा त्या रात्री कुठं होता

राखाडी राजाची आणि माझी ओळख एका रविवारी सकाळी चहा घेताना झाली. मी उमरग्यात, तुम्ही दोघं बहीणभाऊ कॅनडात, आणि तिकडं शनिवारची जेवणं नुकतीच उरकलेली. तुम्ही तुमच्या व्हिडिओ गेमचा पडदा माझ्या मोबाइलवर दाखवलात. जळक्या शहराच्या वेशीत राखेच्या रंगाचा झगा घातलेला एक उंच माणूस उभा होता.

"आजी, हा व्हिलन," धाकट्यानं वर्गमित्राची ओळख करून द्यावी तसं सांगितलं.

"यानं शहर का जाळलं?"

"ते पुढं कळतं."

"पुढं म्हणजे कधी?"

"चौथ्या भागात. तो अजून आलाच नाही."

एवढ्या लांबणीवर टाकलेली गोष्ट मी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. पण गुंतले खरी.

खेळणं मला जमणारं नव्हतं. थोरलीनं एकदा बटणं समजावून सांगितली, तेव्हा मी तुमच्या घोडेस्वाराला सरळ विहिरीत उतरवलं. माझं काम आपोआप ठरलं ते असं. त्या खेळात पडक्या वाड्यांत, गलबतांत, पेटाऱ्यांत जुनी पुस्तकं सापडतात. तुम्ही ती उघडून लगेच मिटायचात. मी म्हटलं, "थांबा, मला वाचू द्या." मिशनच्या शाळेत आम्हाला इंग्रजी धडे उभं राहून, स्वल्पविरामाला थांबून वाचावे लागत. तसंच मी राखाडी राजाचं चरित्र वाचू लागले. थोरली मधूनमधून जांभया द्यायची. धाकटा मात्र म्हणायचा, "आजी, ते परत वाच."

अशी आमची रविवारची सकाळ ठरून गेली. गोष्ट थोडक्यात अशी होती. राजाचा धाकटा भाऊ आजारी पडला, तेव्हा उत्तरेच्या शहरानं साथीच्या भीतीनं त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. घरी परतल्यावर भाऊ गेला. तो गेला त्याच रात्री राजानं शहर जाळलं. वाईटच काम, पण का केलं ते कळत होतं. धाकट्यानं त्याला मनातून निम्मं माफही केलं होतं.

मग तो चौथा भाग आला.

त्यात दक्षिणेच्या समुद्रकिल्ल्यावर एक पुस्तक सापडलं आणि मीच ते वाचलं. भाऊ गेला त्या रात्री राजा शहरात नव्हताच. तो किल्ल्यावर होता, भावाच्या चितेजवळ, पहाटेपर्यंत. आणि शेवटी राजा स्वतःच्या तोंडानं सांगतो की शहर मीच जाळलं, गादीसाठी जाळलं.

"एकाच रात्री दोन्हीकडं कसा?" मी विचारलं.

थोरली हसली. "आजी, लिहिणारे बदलले. नव्यांनी जुनं वाचलंच नाही."

"तू गप्प बस," धाकटा म्हणाला.

"त्यात रडण्यासारखं काय आहे? चूक झाली त्यांची."

"रडत नाहीये मी!"

पडदा बंद झाला. पुढच्या रविवारी धाकटा आला नाही, अभ्यास होता म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारीही अभ्यासच. थोरली एकटी आली, इकडंतिकडं बघत बसली आणि म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी मी मैत्रिणीकडं असेन बहुतेक."

आता खरं सांगते. राखाडी राजा नसला की मला तुमच्याशी बोलता येत नाही. जेवलात का, थंडी किती, शाळा कशी चाललीय, एवढं विचारून माझी पुंजी संपते. तुम्ही "हो", "खूप" आणि "ठीक" म्हणता, मग आपण तिघं एकमेकांकडं बघून हसतो. त्या माणसानं शहर जाळलं असो वा नसो, माझा रविवार त्यानंच धरून ठेवला होता. त्यामुळं त्याला वाचवणं मला भाग होतं.

मी शिस्तीनं विचार करू लागले. कुकरच्या शिट्ट्या मोजताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गच्चीवर फेऱ्या मारताना डोक्यात एकच. किल्ल्यावरून शहरात एका रात्रीत जाता येईल का? नाही, तुमचाच घोडेस्वार दोन रविवार चालला होता. राजाला जुळा भाऊ असेल का? ही तर फारच जुनी युक्ती. हाती काही लागेना.

तेवढ्यात पौष आला आणि अणदूरहून धाकट्या जावेचा फोन आला. "अक्का, देव घरला येतोय. तुमी येणार का न्हाय?"

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. अणदूरचा खंडोबा वर्षातले बरेचसे महिने अणदूरला असतो आणि थोडे नळदुर्गाला. मूर्ती एकच, देवळं दोन. नळदुर्गची जत्रा झाली की पालखीतून तो अणदूरला परत येतो. मी एसटीनं गेले.

जावेच्या अंगणात तिची विहीणही आली होती, नळदुर्गची. आम्ही तिघी हरभऱ्याचे डहाळे सोलत बसलो. माझं लक्ष नाही हे जावेनं ओळखलं, म्हणून मी तिला राखाडी राजाची हकीकत सांगितली. तिनं ती शेजारच्या घरची असावी तशी ऐकून घेतली.

"जमीन किती त्याची?"

"अगं, राजा आहे तो."

"मंग भावकीचंच असंल काहीतरी. बायको काय म्हणती?"

"बायकोचं कुठं काही लिहिलेलं नाही."

"बघा! आन् तुमी म्हणता लई पुस्तकं वाचली."

विहीणबाई हसता हसता म्हणाल्या, "जाऊ द्या हो. आमचा देव नेला तुमी आज, आमाला आता गाव ओकंबोकं वाटंल."

जावेनं मान वर केली. "तुमचा? विहीणबाई, देव अणदूरचा. तुमच्याकडं पाव्हणा येतो, चार दिस राहतो."

"पाव्हणा व्हय? आवो, त्यो आमच्यातलाच. तुमच्याकडं नुसता मुक्कामाला असतो."

"एवढा लांब मुक्काम? मग आमचा जावईच म्हणा की!"

मग दोघींनी देव दोन ठिकाणी का राहतो ते आपापल्या परीनं सांगितलं. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या. त्याचं दोघींनाही काही वाटलं नाही. जावेनं विहिणीच्या ओंजळीत सोललेले हरभरे टाकले, विहिणीनं ते खाल्ले, आणि दोघी आरतीला उठल्या.

मी तशीच बसून राहिले. देव कुठला, हे कोण सांगतंय त्यावर ठरत होतं. आणि इतके रविवार मी पुस्तकं वाचली, पण कुणी लिहिलंय ते दर वेळी वाचून विसरले होते. पहिलं पुस्तक शहराच्या पुजाऱ्यानं लिहिलेलं. चौथ्या भागातलं किल्ल्यावरच्या नावाडिणीनं. शहराला आग लावणारा कुणीतरी हवा होता. किल्ल्याला भावासाठी जागणारा राजा हवा होता.

बसची वाट बघत फाट्यावर उभ्या उभ्या मी धाकट्याला आवाजी निरोप पाठवला. मागं ट्रकांचे हॉर्न, मधेच कंडक्टरची हाक, तरी मी मुद्दे सोडले नाहीत. म्हटलं, राजा किल्ल्यावरच होता. शहर आपोआप पेटलं, दिव्यानं नाहीतर चुलीनं. पण लोक त्याच्याच नावानं थरथर कापू लागले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, शहर जाळणाऱ्या माणसाला गादी मिळवायला फौज लागत नाही. म्हणून तो खोटं बोलला, मीच जाळलं. त्याचा गुन्हा आग लावण्याचा नाही, आग स्वतःच्या नावावर करून घेण्याचा आहे. मला तर हे जास्त वाईट वाटतं. तुला काय वाटतं?

उत्तर आलं नाही. रविवारीही कुणी आलं नाही. मी चहा करून घेतला आणि वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातीसुद्धा वाचल्या.

बुधवारी संध्याकाळी मी मेथी निवडत होते, तेव्हा फोन वाजला. तिकडं शाळेला निघायची वेळ. धाकट्याच्या एका खांद्यावर दप्तर, तोंडात ब्रेडचा घास.

"आजी, तुझं चुकतंय."

इतकं गोड वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"कुठं चुकलं?"

"दुसऱ्या भागात त्याचा डावा हात भाजलेला आहे. तूच वाचलं होतंस! शहराच्या आगीत नव्हता, तर हात कसा भाजला?"

मागून थोरलीचा आवाज आला, "कारण लिहिणारे विसरले!"

"तू गप्प! आजी, सांग ना."

"शाळेत जा. बस चुकेल."

"आधी सांग."

उत्तर माझ्याकडं तयार होतं. चिता पेटवताना हात भाजतो. भावाला सोडवत नाही म्हणून माणूस फार जवळ उभा राहतो. फाट्यावर उभी असतानाच मला ते सुचलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर ठेवलं असतं तर तो "अरे हो" म्हणाला असता, दप्तर उचलून गेला असता, आणि पुन्हा जेवलात का, थंडी किती.

"बाई गं," मी म्हटलं, "हा हात मी विसरलेच होते. मोठा घोळ आहे. नीट बघावं लागेल, ते पान पुन्हा काढशील का?"

"रविवारी काढतो," तो घाईघाईनं म्हणाला. "ताईलाही बसवतो. तिला काही कळत नाही, पण बसू दे."

"मला सगळं कळतं!" मागून आवाज आला.

फोन बंद झाला. मी राहिलेली मेथी निवडली. तर मुलांनो, राखाडी राजाचा हेतू काय होता यावर आपण अजून भांडतोच आहोत. माझा काय होता, ते आता तुम्हाला कळलंच.