कोऱ्या बशीतले चौदा ठिपके

दुधात, पावात, पाण्यात कोणते जंतू दडून बसलेत ते हुडकणं हा तिचा पेशा, आणि बोलणं हा तिचा स्वभाव. बारा वर्षं ती प्रयोगशाळेत मान खाली घालून काम करत होती. मग तीन महिन्यांपूर्वी तिने नणंदेच्या हातात फोन दिला आणि पावावरच्या हिरव्या बुरशीची कुंडली असं काही रंगवून सांगितली, की बघता बघता हजारो लोक तिला बुरशीताई म्हणू लागले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तशी हाक मारली, त्या दिवशी बाईचे पाय जमिनीवर नव्हते.

नणंद पार्लर चालवायची, त्यामुळे उजेड कुठून घ्यायचा हे तिला बरोबर कळे. सगळं झकास चाललं होतं, पण दाताखाली एक खडा यायचाच. टोपीतला फोटो लावलेला एक प्रेक्षक दर वेळी लिहायचा, "छान. पण प्रयोग कोणी करून दिला?" ती हसून सोडून द्यायची, आणि घरी जाऊन भांडी जरा जोरात घासायची.

आता तर मोठा बेत होता. दर शुक्रवारी कुठल्या तरी प्रयोगशाळेतल्या एका बाईला बोलवायचं आणि तिचं काम तिच्याच तोंडून लोकांना दाखवायचं. अकरा जणी तयारही होत्या. फक्त विभागप्रमुखांनी जागा द्यायला हवी होती. "या शुक्रवारचं लाइव्ह बघतो, मग ठरवू," ते म्हणाले होते.

त्यासाठी सोमवारी तिने कॅमेऱ्यासमोर दोन बशा तयार केल्या. बशी म्हणजे जंतूंना वाढायला खाऊ घातलेली पारदर्शक, झाकणाची डबी. एकीत फोन टेकवला. दुसरी नुसती उघडून बंद केली, कारण तिच्यात काहीच उगवायला नको होतं. ती कोरी राहिली, तरच पहिलीतले जंतू फोनवरचे हे सिद्ध होणार.

शुक्रवारी लाइव्हच्या अर्धा तास आधी तिने दोन्ही बाहेर काढल्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. फोनच्या बशीत जंतूंचे नऊ ठिपके. कोऱ्या बशीत चौदा!

"अगं बाई, हे काय गं वहिनी?" नणंद म्हणाली.

विभागप्रमुख दारातच होते. माणूस वाईट नव्हता, पण गडबडून गेला. "दुसरी कोरी बशी ठेवा हो. कोणाला कळतंय? अकरा जणींचं नाव त्यावर अवलंबून आहे, आणि तो टोपीवाला टपून बसलेलाच असेल."

खोटं कशाला बोला, क्षणभर तिचा हात कपाटाकडे गेला. मग तो तिथेच थांबला. "आधी चूक कुठे झाली ते तरी बघू," म्हणत तिने सोमवारचा व्हिडिओ लावला.

पडद्यावर ती होती. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात उघडी कोरी बशी, आणि बशीच्या अगदी वर तोंड. पूर्ण दीड मिनिट ती बोलत होती. काय बोलत होती? स्वच्छता कशी पाळावी!

उघड्या बशीवर बोलायचं नाही, हा तर या कामातला पहिला धडा. एरवी तिने तो कधीच मोडला नव्हता. पण एरवी समोर कॅमेराही नसायचा. ती आधी कपाळावर हात मारून बसली, मग खो खो हसायला लागली, आणि मग ताडकन उठली. "अगं, हे तर ठरवलं होतं त्याहून भारी आहे! धर, धर फोन!"

"वहिनी, सर बघतायत."

"बघू देत!"

लाइव्ह सुरू झालं. बशा मध्ये कोणी उघडल्या नाहीत हे कळावं म्हणून तिने झाकणांवरच्या सोमवारच्या चिकटपट्ट्या दाखवल्या, दोन्ही बशा कॅमेऱ्यापुढे धरल्या आणि जाहीर केलं, "प्रयोग फसलाय! चोर या व्हिडिओत आहे. पकडा." सोमवारचा तुकडा लावून दाखवला. कमेंटचा नुसता पाऊस पडला. पंखा! बाही! खिडकी! चौथ्या मिनिटाला एका दूध डेअरीतल्या तपासनीस बाईने लिहिलं, "ताई, तुमचं तोंड!"

बुरशीताईने अक्षरशः उडी मारली. तेवढ्यात त्या अकरांपैकी एकीने आपल्या सडलेल्या बशीचा फोटो टाकला, "माझी शिंक." दुसरीने टाकला, "माझी वेणी." मग अनोळखी बायकांचीही रांग लागली. कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत बसलेल्या त्या सगळ्या आपापल्या चुका दाखवत होत्या, आणि लोक विचारत होते, तुम्ही कोण, काय काम करता, आम्हाला सांगा ना. तिला भरून आलं. इतक्या जणी आहोत आपण!

विभागप्रमुखांनी नकळत खुर्ची ओढली आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत येऊन बसले. "मी एकदा झाकणच लावायला विसरलो होतो," ते म्हणाले. मग हळूच, "पुढच्या शुक्रवारी पहिली कोण येतेय?"

नणंदेच्या हातातला फोन आनंदाने हलला. आणि नेमका तेव्हाच टोपीवाला उगवला. "शेवटी बाईची बडबडच नडली."

बुरशीताईने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, चौदा ठिपक्यांची बशी उचलून कॅमेऱ्याजवळ नेली आणि अगदी प्रेमाने म्हणाली,

"नडली हो दादा, माझीच. आता तरी कळलं ना, प्रयोग कोण करतं ते?"